क्लॅमथ नदी आणि युरोक लोक

नदी

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील अप्पर क्लॅमथ सरोवराच्या परिसरात क्लॅमथ नदीचा प्रवास सुरू होतो. सुमारे ४१४ किलोमीटर वाहून ती उत्तर कॅलिफोर्नियात पॅसिफिक महासागराला मिळते. बहुतेक नद्या डोंगरात उगम पावून सपाटीवर उतरतात; क्लॅमथचे उलट आहे. तिचा वरचा भाग उथळ सरोवरांच्या आणि पाणथळींच्या पठारावर आहे आणि खालच्या टप्प्यात ती पर्वतरांगा कापत, खोल दऱ्यांतून, रेडवुडच्या दाट अरण्यातून समुद्राकडे जाते. या खालच्या सुमारे सत्तर किलोमीटरच्या खोऱ्यात आणि मुखालगतच्या किनारपट्टीवर युरोक लोक अनेक पिढ्यांपासून राहत आले आहेत. ट्रिनिटी ही क्लॅमथची सर्वांत मोठी उपनदी विचपेक या गावापाशी तिला मिळते. युरोकांची वस्ती तेथून खाली मुखापर्यंत पसरली आहे. वरच्या अंगाला कारुक, ट्रिनिटीच्या खोऱ्यात हूपा, उत्तर किनाऱ्यावर टोलोवा आणि दक्षिणेला वियोट हे त्यांचे शेजारी. आज युरोक जमातीची सदस्यसंख्या सहा हजारांहून अधिक असून कॅलिफोर्नियातील ती सर्वांत मोठी मान्यताप्राप्त आदिवासी जमात आहे.

दिशा

युरोक भूगोलात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण यांना फारसे काम नव्हते. ‘प्रवाहाच्या वर’, ‘प्रवाहाच्या खाली’, ‘नदीकडे’ आणि ‘नदीपासून दूर’ या चार कल्पनांवर सगळे स्थलज्ञान उभे होते. घराचा कोपरा सांगायचा, पायवाट सांगायची किंवा परक्या गावच्या माणसाची ओळख सांगायची, तर संदर्भ प्रवाहाचाच. नदी वळली की दिशाही वळत. मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन यांनी १९२० मध्ये युरोक भूगोलावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. नदीकाठचा जवळजवळ प्रत्येक खडक, डोह आणि वळण यांना स्वतंत्र नाव असल्याचे त्यात दिसते. ही नावे केवळ ओळखीसाठी नव्हती. कोणत्या डोहावर कोणाचा हक्क, कोणत्या खडकाशी कोणती कथा जोडलेली, कोठे होडी थांबवून प्रार्थना करायची, हे सारे त्या नावांत नोंदलेले होते. लेखी दस्तऐवज नसलेल्या समाजाची ती सातबाराची वही होती, असे म्हणता येईल.

भाषा

युरोक, कारुक आणि हूपा या तिघांचे जीवनमान इतके सारखे होते की घरे, होड्या, टोपल्या आणि उत्सव पाहून त्यांना वेगळे ओळखणे अवघड. भाषा मात्र तीन निरनिराळ्या वंशांच्या. हूपा भाषा अथाबास्कन कुळातील आहे; कारुक भाषेचे जवळचे नातेवाईक कोणतेही नाहीत; आणि युरोक भाषेचे नाते खंडाच्या पूर्वेकडे पसरलेल्या अल्गॉन्कियन भाषांशी पोचते. हे शेवटचे नाते एडवर्ड सपीर यांनी १९१३ मध्ये सुचवले, तेव्हा अनेक अभ्यासकांना ते पटले नाही. मेरी हास यांच्या १९५८ मधील कामानंतर ते सर्वमान्य झाले. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दूरदूरच्या मुलखांतून येथे आलेल्या तीन समूहांना एका संस्कृतीत बांधण्याचे काम एका नदीने आणि तिच्यातील माशांनी केले.

सॅमनचे चक्र

सॅमन मासा नदीच्या गोड्या पाण्यात, स्वच्छ खडीत जन्मतो. पिल्ले प्रवाहाबरोबर समुद्रात जातात. तेथे काही वर्षे वाढून प्रौढ मासे अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच नदीत शिरतात. बंगालच्या खाडीतून गंगेत चढणारा हिल्सा मासाही असाच समुद्र आणि नदी या दोन्हींचा. फरक इतका, की पॅसिफिकमधील चिनूक सॅमन आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि लगेच मरतो. त्याच्या कुजणाऱ्या देहातून समुद्रातील पोषकद्रव्ये डोंगरातील ओढ्यांना, कीटकांना, अस्वलांना आणि काठावरच्या झाडांना मिळतात.

चिनूकच्या दोन मुख्य झुंडी क्लॅमथमध्ये येतात. वसंतात येणारे मासे चरबीने भरलेले असतात. ते उन्हाळाभर थंड डोहांत थांबतात आणि शरदात अंडी घालतात. दुसरी, मोठी झुंड उन्हाळ्याच्या अखेरीस शिरते. त्याशिवाय कोहो सॅमन, स्टीलहेड, हिरवा स्टर्जन आणि लॅम्प्री येतात. लॅम्प्रीला स्थानिक बोलीत ‘ईल’ म्हणतात. हिवाळ्यात मुखापाशी लाटांच्या फेसात उभे राहून लाकडी मुठीच्या आकड्याने हा निसरडा प्राणी एका झटक्यात वाळूवर फेकण्याचे कौशल्य आजही शिकवले जाते. म्हणजे वर्षाच्या बहुतेक महिन्यांत नदीत काही ना काही येत असे आणि युरोकांचे पंचांग त्या येण्यावर चाले. गेल्या शतकापूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनच्या उत्पन्नात कोलंबिया आणि सॅक्रामेंटो यांच्यानंतर क्लॅमथचाच क्रमांक लागे.

केपेलचा बांध

युरोक मासेमारीचे सर्वांत मोठे काम म्हणजे केपेल गावाजवळ दरवर्षी उभारला जाणारा लाकडी बांध. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात खुंट आणि कुडाच्या ताट्या यांनी संपूर्ण नदीचे पात्र आडवे अडवले जाई. बांधाचे दहा भाग, प्रत्येकासाठी कामकऱ्यांचा वेगळा गट, प्रत्येक भागाला माशांसाठी एक कोंडवाडा. बांधणीला दहा दिवस आणि मासेमारीला दहा दिवस. त्यानंतर बांध काढून टाकला जाई. कामाचे नेतृत्व विधी जाणणाऱ्या प्रमुखाकडे असे. पहिला खुंट कोणत्या झाडाचा, तो कोणत्या वेळी रोवायचा, कोणी काय खायचे, हे सर्व ठरलेले.

युरोक स्त्री ल्यूसी थॉम्पसन यांनी १९१६ मध्ये आपल्या लोकांविषयी पुस्तक लिहिले. त्यात या बांधाचे वर्णन आहे. कुटुंबांनी गरजेपुरते मासे घेतल्यावर कोंडवाड्यातील उरलेले मासे वरच्या बाजूने सोडून दिले जात, असे त्या सांगतात. पात्र पूर्ण अडवण्याचे तंत्र हाती असूनही ते मोजक्या दिवसांपुरतेच वापरायचे, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. वरच्या अंगाला कारुक राहतात, ट्रिनिटीवर हूपा राहतात. मासे त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत तर भांडण अटळ, आणि अंडी घालण्याच्या जागी पोचले नाहीत तर चार वर्षांनी येणारी झुंडही कमी होणार. विधीचे दिवस संपले की बांध मोडायचा, या एका नियमाने शेजारधर्म आणि माशांचे संवर्धन ही दोन्ही कामे साधली जात.

मुखापाशी पहिल्या सॅमनचा वेगळा विधी होता. तो पार पडेपर्यंत ऋतूतील मासे खाण्यास मनाई असे. त्यामुळे पहिल्या झुंडीतील मासे निर्वेध वर जात. आधुनिक मत्स्यव्यवस्थापनही हेच करते, फक्त त्यामागे सरकारी अधिसूचना असते.

हक्क आणि दंड

युरोकांमध्ये राजा नव्हता, सरपंच नव्हता, तुरुंग नव्हता. तरीही मालमत्तेचा कायदा अतिशय बारकाईचा होता. मासेमारीची चांगली जागा एका माणसाची असू शके, किंवा तिचे अनेक वाटेकरी असत आणि ते आळीपाळीने आपापल्या दिवशी जाळे टाकत. असा वाटा वारशाने मिळे, विकता येई, दंडापोटी देता येई. अपराध कोणताही असो, त्याची भरपाई मोबदल्याने होत असे: खुनाची, जखमेची, चोरीची, इतकेच नव्हे तर मृत माणसाचे नाव त्याच्या नातलगांसमोर उच्चारण्याचीही. दोन्ही पक्षांकडून मध्यस्थ बोलणी करत आणि रक्कम ठरे.

चलन होते डेंटॅलियम नावाच्या, नळीसारख्या पोकळ, पांढऱ्या शिंपल्यांचे. हे शिंपले दूर उत्तरेकडून, व्हँकूव्हर बेटाच्या परिसरातून व्यापाराने हातोहात येत. लांबी जितकी जास्त तितके मोल अधिक. ते माळेत ओवून मोजले जात. पुरुष आपल्या हाताच्या आतल्या बाजूस गोंदवलेल्या रेघांशी माळ लावून तिची लांबी पडताळत आणि एल्क हरणाच्या शिंगाच्या कोरीव डबीत ती जपून ठेवत. नदी ओलांडून देण्याचा मोबदला मात्र घ्यायचा नाही, अशी रीत होती. होडी असणाऱ्याने मागणाऱ्याला पलीकडे पोचवलेच पाहिजे. कारण जेथे रस्ता म्हणजेच नदी, तेथे प्रवास अडवणे हा सर्वांचाच तोटा.

आल्फ्रेड क्रोबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कायद्याची बारीक नोंद केली. पुढे मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनीही युरोकांवर लिहिले. दोघांच्या लेखनात युरोक माणूस संपत्तीचा लोभी, सतत हिशेब करणारा असा दिसतो. हे चित्र एकांगी आहे. खाण्यात, बोलण्यात, मासेमारीत स्वतःला आवरण्याची जी शिस्त त्यांनी स्वभाव म्हणून वर्णिली, ती मुख्यतः शासनव्यवस्था होती. सत्ताधारी नसलेल्या समाजात नियम टिकवायचे, तर प्रत्येक कृतीची किंमत ठरलेली असावी लागते. शिवाय ही निरीक्षणे नोंदली गेली ती दोन पिढ्यांच्या विध्वंसातून उरलेल्या माणसांकडून, हेही विसरता येत नाही.

होडी आणि घर

किनाऱ्यावरचा रेडवुड हा जगातील सर्वांत उंच वृक्ष. काही झाडे ११५ मीटरच्या वर जातात. त्याचे लाकूड हलके, सरळ धाग्याचे आणि न कुजणारे असते. पडलेल्या ओंडक्याचे अर्धे करून, आतून आग लावून आणि तासणीने कोरून होडी घडवली जाई. तिचा तळ रुंद आणि टोके बोथट असतात, कारण तिला खडकाळ, उथळ पाण्यावरून सरकायचे असते. होडीच्या आत काही उंचवटे मुद्दाम ठेवलेले दिसतात. मध्यभागी लाकडाचा एक गोल उठाव असतो, ते हृदय. जवळच फुप्फुसे आणि मूत्रपिंडे. पुढच्या टोकाला नाक. होडी सजीव आहे आणि अवयवांविना ती अपुरी, अशी धारणा. हृदय कोरलेले नसलेली होडी युरोक कारागीर पूर्ण मानत नाही. हे कौशल्य आजही जिवंत असून जमातीच्या होड्यांतून क्लॅमथच्या मुखाजवळ पर्यटकांना फिरवले जाते.

घरेही रेडवुडच्याच फळ्यांची. एल्कच्या शिंगाच्या पाचरी दगडी हातोड्याने ठोकून फळ्या चिरल्या जात. घराचा मधला भाग जमिनीत खोदलेला आणि दार म्हणजे फळीतील गोल भोक, ज्यातून वाकून आत जावे लागे. प्रत्येक घराला नाव असे आणि कुटुंब त्या नावाने ओळखले जाई. पुरुष बहुधा वेगळ्या स्वेदगृहात झोपत. शिकार किंवा विधीपूर्वी घाम काढून शुद्ध होणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता.

टोपली आणि आग

नदीइतकेच युरोक जीवन जंगलावर उभे आहे आणि त्या जंगलाचे मुख्य साधन आग. सॅमनबरोबरचे दुसरे अन्न म्हणजे टॅनओक वृक्षाची बोंडे. ती वाळवून, दळून, पाण्याने कडवटपणा धुऊन त्यांची पेज केली जाई. पेज शिजे टोपलीत. हेझलच्या कोवळ्या काड्या आणि झाडांच्या बारीक मुळ्या यांनी विणलेली टोपली इतकी घट्ट असते की तिच्यातून पाणी गळत नाही. तीत तापवलेले दगड टाकून सतत ढवळले की पेज उकळते. नक्षीसाठी बेअरग्रासची पांढरी पाती, मेडनहेअर नेच्याचा काळा देठ आणि अल्डरच्या सालीत रंगवलेला तांबडा धागा वापरतात.

यातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आग लागते. जुने हेझल झुडूप वेडेवाकडे, फाटेफुटे वाढते. जाळल्यानंतर एक-दोन वर्षांनी येणारे कोंब सरळ आणि लवचीक असतात. ओकच्या झाडाखालील हलकी आग बोंडांतील किडे मारते. झुडपे कमी झाली की हरणांना चरायला मोकळी जागा मिळते आणि ओढ्यांना पाणीही अधिक उरते. म्हणून युरोक कुटुंबे ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत जाळत. १८५० च्या कॅलिफोर्निया कायद्याने आदिवासींना गवताळ रान पेटवणे दंडनीय ठरवले आणि विसाव्या शतकात वनखात्याने सर्वच आगी विझवण्याचे धोरण घेतले. त्याचा परिणाम टोपल्या विणणाऱ्या स्त्रियांना प्रथम जाणवला: काड्याच मिळेनात. दाटलेल्या झुडपांमुळे वणवे अधिक भीषण होतात, हे इतरांना कळायला बराच काळ जावा लागला. २०१३ पासून युरोक प्रदेशात स्थानिक लोकांच्या पुढाकाराने नियोजित आगी पुन्हा लावल्या जात आहेत आणि त्यात अग्निशमन दलांनाही प्रशिक्षण मिळते.

जगाचे नूतनीकरण

माणसांच्या आधी येथे दिव्य पूर्वज राहत आणि माणसे येताच ते डोंगरांत, खडकांत, समुद्रापार गेले, अशी युरोक कथा आहे. जगाचा तोल माणसांच्या वर्तनाने ढळतो आणि तो पुन्हा सावरण्यासाठी विधी करायचे असतात. पांढऱ्या हरणाच्या कातड्यांचे नृत्य आणि उडी-नृत्य हे त्यातील प्रमुख. दुर्मिळ पांढरी कातडी, लाल सुतारपक्ष्याच्या पिसांचे शिरोभूषण, ऑब्सिडियनची मोठी पाती ही संपत्ती एरवी घरात जपलेली असते. नृत्याच्या दिवसांत ती सर्वांसमोर येते. ज्यांच्याकडे ती नाही, अशा नर्तकांना ती मालकाने द्यायची असते. संपत्तीचे मोल तिच्या अशा दर्शनात आहे. आजारी बालकासाठी होणारे ब्रश नृत्य घराच्या खड्ड्यात रात्रभर चालते. नृत्यापूर्वी कुटुंबांमधील जुने तंटे मिटवावे लागतात, म्हणून विधी आणि न्याय एकमेकांपासून अलग करता येत नाहीत.

सोने आणि करार

१८२८ मध्ये जेडेडाया स्मिथ यांची शिकारी टोळी या मुलखातून गेली. खरी उलथापालथ १८५० च्या सुमारास झाली, जेव्हा ट्रिनिटी आणि क्लॅमथच्या वाळूत सोने सापडले. खाणकामगारांचे लोंढे आले. गावे जाळली गेली, रोग पसरले, खडी उपसल्याने ओढे गढूळ झाले. १८५० च्या ज्या कायद्याने आग दंडनीय ठरवली, त्यानेच आदिवासी मुलांना ‘उमेदवार’ म्हणून राबवून घेण्याची मुभा गोऱ्या वसाहतकारांना दिली. ऑक्टोबर १८५१ मध्ये रेडिक मॅकी यांनी केंद्र सरकारच्या वतीने येथील लोकांशी करार केला. कॅलिफोर्नियातील असे अठरा करार सिनेटने १८५२ मध्ये नाकारले आणि त्यांचे कागद १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. एका पक्षाने करार पाळायचा आणि दुसऱ्याने तो अस्तित्वातच नाही असे मानायचे, अशी ही अर्धशतकाची स्थिती होती.

१६ नोव्हेंबर १८५५ च्या आदेशाने नदीमुखापासून सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत, दोन्ही काठांवर एकेक मैल, असा राखीव प्रदेश ठरवला गेला. १८९१ मध्ये तो वर वाढवून हूपा राखीव प्रदेशाला जोडला. पण १८९२ च्या कायद्याने खालच्या भागातील जमीन व्यक्तींमध्ये वाटली आणि उरलेली बाहेरच्यांना खुली केली. काही दशकांत राखीव प्रदेशातील बहुतेक रेडवुड-जमीन लाकूड कंपन्यांच्या हाती गेली. मुलांना दूरच्या वसतिशाळांत पाठवून भाषा बोलण्यास बंदी करण्यात आली. क्रोबर यांनी संपर्कापूर्वीची लोकसंख्या सुमारे २,५०० मानली होती. १९१० च्या जनगणनेत ती सातशेच्या आत आली.

मासेमारीची बंदी

नदीमुखाशी १८७० च्या दशकापासून सॅमन डबाबंद करण्याचे कारखाने निघाले आणि युरोक मासेमारांना तेथे मजुरी मिळाली. झुंडी घटल्यावर कॅलिफोर्निया राज्याने १९३३ मध्ये नदीतील व्यापारी मासेमारी आणि जाळी यांवर बंदी घातली. गळाने हौशी मासेमारी करणाऱ्या शहरी पाहुण्यांना मुभा राहिली. युरोक माणसाने आजोबांच्या जागी जाळे टाकले तर तो गुन्हा ठरला. लोक रात्री जाळी टाकू लागले.

१९६९ मध्ये अधिकाऱ्यांनी युरोक मासेमार रेमंड मॅट्झ यांची पाच जाळी जप्त केली. मॅट्झ न्यायालयात गेले. १८९२ च्या कायद्याने राखीव प्रदेश संपला आहे, असा राज्याचा दावा होता. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. पाच जाळ्यांच्या या खटल्याने नदीवरील हक्काला कायदेशीर पाया मिळाला. तरीही १९७८ मध्ये केंद्र सरकारने मासेमारी रोखली, तेव्हा सशस्त्र पोलीस आणि होड्यांतील मासेमार समोरासमोर आले. हा काळ ‘सॅमन युद्धे’ म्हणून ओळखला जातो. १९८८ च्या कायद्याने हूपा आणि युरोक यांचे राखीव प्रदेश वेगळे झाले. १९९३ मध्ये युरोकांनी लेखी संविधान स्वीकारले आणि त्याच वर्षी, पकडण्यायोग्य सॅमनपैकी निम्म्यावर या दोन जमातींचा हक्क असल्याचा अभिप्राय केंद्राच्या अंतर्गत खात्याच्या विधी सल्लागाराने दिला. हक्काचे परिमाण ठरले. पण मासे उरले किती, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

चार धरणे

१९१८ ते १९६२ या काळात क्लॅमथवर वीजनिर्मितीसाठी कॉप्को एक, कॉप्को दोन, जे. सी. बॉइल आणि आयर्न गेट ही धरणे उभी राहिली. त्यांपैकी सर्वांत खालच्या आयर्न गेटला सॅमनसाठी मत्स्यमार्ग नव्हता. सहाशेहून अधिक किलोमीटर लांबीचे वरचे ओढे आणि प्रवाह माशांना बंद झाले. दरम्यान वरच्या पठारावर १९०५ पासून सरकारी सिंचन प्रकल्प वाढत होता आणि १९६० च्या दशकात ट्रिनिटीचे बहुतांश पाणी बोगद्यांतून सॅक्रामेंटो खोऱ्याकडे वळवले गेले.

धरणांचा अपाय केवळ वाट अडण्याचा नव्हता. जलाशयात उन्हाळ्यात पाणी तापे आणि विषारी नीलहरित शैवाल फोफावे. नदीचे पाणी हिरवे होई. पुराचा जोर नाहीसा झाल्याने धरणाखालील तळ खरवडला जात नसे, आणि त्या स्थिर तळावर एक सूक्ष्म कृमी वाढे. सॅमनच्या पिल्लांना मारणारा परजीवी आपल्या आयुष्याचा अर्धा भाग याच कृमीत काढतो. खडी वरच अडकल्यामुळे अंडी घालण्याची जागाही खराब झाली. वीज, सिंचन, मासे आणि जंगल यांची खाती वेगळी, त्यामुळे या साखळीची जबाबदारी कोणाचीच नव्हती. केपेलच्या बांधाशी तुलना येथे अपरिहार्य आहे: तो दरवर्षी मोडला जाई, आयर्न गेट साठ वर्षे उभे राहिले.

सप्टेंबर २००२

२००१ च्या दुष्काळात माशांसाठी पाणी राखून वरच्या शेतकऱ्यांचे पाणी तोडले गेले आणि मोठे आंदोलन झाले. पुढच्या वर्षी शेतीला पाणी मिळाले, नदीचा प्रवाह घटला. सप्टेंबरमध्ये परतणारी मोठी झुंड उथळ, कोमट पाण्यात दाटीने थांबली आणि कल्ले कुजवणारे रोग तिच्यात पसरले. राखीव प्रदेशातील काठांवर मेलेल्या प्रौढ सॅमनचा खच पडला. अधिकृत आकडा किमान ३४,००० चा आहे; प्रत्यक्ष संख्या याहून बरीच अधिक असावी, असे शासकीय अहवालातच नमूद आहे. दुर्गंधी कित्येक दिवस हटली नाही. युरोकांच्या आजच्या पिढीतील अनेक कार्यकर्ते, वकील आणि मत्स्यशास्त्रज्ञ आपल्या कामाचा आरंभ या महिन्यापासून सांगतात.

धरणे हटवण्याचा मार्ग

वीजप्रकल्पाचा पन्नास वर्षांचा परवाना २००६ मध्ये संपत होता. हीच फट युरोक, कारुक, हूपा आणि वरच्या क्लॅमथ जमातींनी हेरली. २००४ मध्ये त्यांचे प्रतिनिधी स्कॉटलंडला गेले आणि तेव्हाच्या मालक कंपनीच्या भागधारकांच्या सभेबाहेर उभे राहिले. नव्या परवान्यासाठी मत्स्यमार्ग बांधणे सक्तीचे झाले आणि हिशेब पालटला: मार्ग बांधण्यापेक्षा धरणे काढणे स्वस्त. २०१० मध्ये करार झाला, संसदेत अडला, २०१६ मध्ये नव्या रूपात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने मान्यता दिली. सुमारे ४५ कोटी डॉलरचा निधी वीजग्राहकांवरील अधिभार आणि कॅलिफोर्नियाचे रोखे यांतून उभा राहिला.

कॉप्को दोन २०२३ मध्ये काढले. जानेवारी २०२४ मध्ये उरलेले जलाशय रिकामे करण्यास आरंभ झाला. हिवाळा मुद्दाम निवडला होता, कारण तेव्हा नदीत सॅमन कमी असतात आणि पावसाच्या प्रवाहाबरोबर गाळ समुद्राकडे जातो. काही आठवडे नदी चॉकलेटी गाळाने भरून वाहिली. उघड्या पडलेल्या तळावर स्थानिक गवतांचे आणि झाडांचे बी पेरले गेले. युरोक पथके हे बी कित्येक वर्षे आधीपासून डोंगरांतून गोळा करत होती. मोकळ्या चिखलावर परके तण आधी रुजू नये, हा त्यामागचा हेतू. ऑक्टोबर २०२४ च्या आरंभी काम पूर्ण झाले. धरणे हटवण्याचा हा आजवरचा सर्वांत मोठा प्रकल्प मानला जातो. त्याच महिन्याच्या मध्यास, जे. सी. बॉइलच्या जागेच्या वर, ऑरेगनमधील एका ओढ्यात चिनूक सॅमन आढळला. क्लॅमथ खोऱ्याच्या त्या भागात १९१२ नंतर प्रथमच.

जमीन, पक्षी, भाषा

मे २०१९ मध्ये युरोक परिषदेने क्लॅमथ नदीला जमातीच्या कायद्यात व्यक्तीचा दर्जा दिला. या ठरावाची सक्ती बाहेरच्या शासनावर नाही. पण जमातीच्या न्यायालयात नदीच्या वतीने दाद मागता येते. मे २०२२ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा महाकाय गिधाडवर्गीय पक्षी युरोकांच्या पुढाकाराने रेडवुड उद्यानात पुन्हा सोडला गेला; त्याची पिसे विधींत लागतात आणि तो या भागात शतकाहून अधिक काळ दिसला नव्हता. जून २०२५ मध्ये ब्लू क्रीकच्या खोऱ्यातील जमिनीचे हस्तांतर पूर्ण झाले आणि सुमारे ४७,००० एकर वनभूमी लाकूड कंपनीकडून संवर्धन संस्थेमार्फत जमातीकडे आली. ब्लू क्रीक हा थंड पाण्याचा ओढा आहे. तप्त उन्हाळ्यात वर जाणारे सॅमन त्याच्या मुखाशी विसावतात. म्हणून हे खोरे मिळणे म्हणजे माशांच्या वाटेवरील धर्मशाळा परत मिळण्यासारखे आहे.

भाषेची स्थिती अधिक नाजूक आहे. बालपणी घरातच युरोक शिकलेल्या ज्येष्ठ भाषकांची पिढी आता मागे पडली. बर्कली विद्यापीठातील ध्वनिमुद्रणे, जमातीचा भाषाविभाग आणि प्रदेशातील सार्वजनिक शाळांतील वर्ग यांतून नवे बोलणारे घडत आहेत. भाषा शिकलेले तरुण पहिल्या सॅमनच्या प्रार्थना पुन्हा म्हणू शकतात, पण त्यासाठी सॅमन यावा लागतो.

मर्यादा

चार धरणे गेली म्हणजे नदी पूर्ववत झाली असे नाही. वरच्या अंगाला कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणे उभीच आहेत आणि त्यांच्यामार्फत सिंचनाच्या पाण्याचे नियमन होते. पठारावरील पाणथळींचा मोठा भाग शेतीखाली गेला असून शेतांतील पोषकद्रव्ये अप्पर क्लॅमथ सरोवरात उतरतात. दुष्काळ आणि वाढते तापमान यांवर स्थानिक उपाय तोकडे पडतात. वसंतातील चिनूक इतके घटले आहेत की त्यांचे पुनरुज्जीवन अनेक पिढ्यांचे काम ठरेल. झुंडी कमकुवत असल्यामुळे कॅलिफोर्नियाच्या समुद्रातील व्यापारी सॅमन-मासेमारी २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे बंद ठेवावी लागली आणि युरोकांनीही आपला वाटा अनेकदा स्वतःहून कमी केला किंवा सोडून दिला. पाण्याचे वाटप शेतकरी, जमाती आणि मासे यांच्यात कसे व्हावे, याचा स्थायी करार अद्याप झालेला नाही. तो झाल्याशिवाय धरणे काढण्याचा पूर्ण लाभ नदीला मिळणार नाही.